कोपऱ्यातली कुत्री आणि न सांगितलेला ओरखडा

प्रश्न : मी २७ वर्षांची. गेले तीन रविवार सोडून दिलेल्या आणि रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. पहिले दोन रविवार फक्त पिंजरे धुणं आणि भांडी घासणं. तिसऱ्या रविवारी एका कुत्र्याला फिरवायला दिलं, तर दारातच त्याने मागे रेटा दिला, पट्टा डोक्यावरून निघाला आणि तो मोकळा! बाहेरचं फाटक बंद होतं म्हणून निभावलं. आता पुन्हा झाडू माझ्या हातात. त्याच दिवशी आणखी एक झालं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या रांगेत एक तपकिरी कुत्री सतत भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. मी जाळीतून हात घालून तिला बिस्किट देत होते. तिने झटकन तोंड मारलं, दात बोटाला घासला. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा. सांगितलं तर तिच्यावर ‘चावरी’ असा शिक्का बसेल म्हणून गप्प राहिले. घरी माझा चार वर्षांचा कुत्रा आहे. माझा तिथे खरंच काही उपयोग आहे, की मी नुसता त्रास वाढवतेय? — रविवारची स्वयंसेविका

उत्तर : आधी बोट. बाकीचं सगळं नंतर.

आजच्या आज डॉक्टरांकडे जा. कातडीवर ओरखडा उठला पण रक्त आलं नाही, अशी जखम जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दुसऱ्या श्रेणीत येते, आणि दुसऱ्या श्रेणीला रेबीजची लस लगेच सुरू करायची असते. कातडी फाटली, रक्त आलं किंवा आधीच्या उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं तर ती तिसरी श्रेणी; तिथे लशीच्या जोडीला जखमेत आणि तिच्याभोवती सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचतात. विषाणू असतो लाळेत, त्यामुळे रक्त दिसलं नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. उलट लक्षणं नसताना घेतलेली लस फार चांगलं काम करते, आणि मध्ये आठ-दहा दिवस गेले असले तरी ती सुरू करायला उशीर झाला असं होत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही आठवून जा.

पुढे कधी असं झालं तर डॉक्टरांकडे निघण्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुणारे बहुतेक जण दीड-दोन मिनिटांत हात पुसून मोकळे होतात. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. घट्ट पट्टी नको, घरगुती लेप तर मुळीच नकोत.

डॉक्टरांकडून निघालात की शेल्टरला कळवा. लाळेत रेबीजचा विषाणू आलेला कुत्रा साधारण १० दिवसांच्या आत स्पष्ट आजारी पडतो आणि मरतो. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवतात. तो ठणठणीत राहिला, तर उरलेले डोस थांबवायचे की पुरे करायचे हे डॉक्टर ठरवू शकतात. तुम्ही बोललाच नाहीत तर ही नजर ठेवणार कोण? आणि शिक्क्याबद्दल म्हणाल तर तुमची भीती खोटी नाही, पण उपाय नेमका उलटा निवडलात. चार-सहा आठवड्यांनी ती दुसऱ्या कुणाला चावली, तर नोंदवहीत फक्त ‘चावली’ एवढंच येईल. आत्ता तुम्ही लिहून दिलंत, ‘जाळीतून हात मी घातला होता, ती कोपऱ्यात होती, मागे सरकायला जागा नव्हती, एकदा तोंड मारून लगेच थांबली,’ तर तिच्या बाजूने बोलणारी तेवढी एक नोंद राहील. एकदाच तोंड मारून थांबणं आणि धरून ठेवणं यात जाणती माणसं फार फरक करतात.

हा कोर्स संपला की डॉक्टरांना आणखी एक विचारा. नियमित कुत्र्यांमध्ये वावरणाऱ्यांना रेबीजची लस चावा होण्याआधीच देतात; दोन किंवा तीन डोस, जिथली जशी पद्धत. आता तुम्ही उपचाराचा कोर्स पूर्ण केलात तर तोच पुढे तुमच्या कामी येतो. पूर्ण लस घेतलेल्याला नंतर चावा झाला, तर सीरम लागत नाही, सहसा दोनच बूस्टर पुरतात. पण बूस्टर घ्यावेच लागतात, ‘मी घेतलीय लस’ म्हणून घरी बसायचं नसतं.

आता झाडूकडे येऊ. तुम्हाला ती शिक्षा वाटतेय हे पत्रात स्पष्ट दिसतं. पण शेल्टरमधली कुत्री बऱ्याचदा रोगाने दगावतात, आणि अर्धवट सफाईने रोग पसरतो. पिल्लांचा काळ म्हणजे पार्व्हो, उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा विषाणूजन्य आजार. त्याचा विषाणू जमिनीत, फटींत, बुटाच्या तळव्याला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतो. ज्यांना छान वास येतो त्या फरशी पुसायच्या नेहमीच्या द्रवांपैकी बरीचशी त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. ब्लीच करतं, पण क्रम पाळला तरच.

शी आधी उचलायची, पाण्याचा फवारा मारून पसरवायची नाही. मग साबणाच्या पाण्याने घासायचं आणि धुवायचं. त्यानंतर साधं घरगुती ब्लीच (५-६ टक्क्यांचं) एका लिटर पाण्याला सुमारे ३० मिली या मापाने पसरून पृष्ठभाग १० मिनिटं ओला ठेवायचा. मग धुऊन कोरडं करायचं, पाणी ओढायच्या रबरी पट्टीने. गफलत नेहमी दोन ठिकाणी होते. घाण न काढता वरून ब्लीच ओतलं की ते घाणीतच खर्ची पडतं. आणि घाईत दोन मिनिटांत धुतलं की विषाणू तसाच. द्रावण प्रत्येक दिवशी ताजं आणि साध्या पाण्यात करा. कालच्याचा जोर उतरलेला असतो आणि गरम पाण्यात ब्लीचचा जोर जातो. शूवर सरळ ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा विषारी वायू निघतो. कुत्रं आत असताना तर ब्लीच वापरायचंच नाही. आणि हे माप मोकळ्या सल्ल्यासारखं घ्या: तुमच्या शेल्टरमध्ये दुसरं जंतुनाशक असेल तर त्याच्या डब्यावरचं माप आणि वेळ पाळा, दोन रसायनं एकत्र करू नका.

फिरण्याची दिशाही ठरलेली असते. आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, सगळ्यात शेवटी विलगीकरणातली. आजारी पिंजऱ्यातून पिल्लांकडे परत जायचं नाही, ‘फक्त एक मिनिट’ही नाही. दाराशी ठेवलेल्या औषधी पाण्याच्या ट्रेवर विसंबू नका. बूट बुडवून लगेच पुढे गेलं की दहा मिनिटांचा हिशोब कुठे राहिला? विलगीकरणासाठी वेगळे गमबूट हाच खरा उपाय. आणि हे कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो: पाण्याची भांडी भरताना नळीचं तोंड भांड्यात बुडवू नका. एका नळीने रांगेतल्या वीस भांड्यांना एकच लाळ वाटली जाते.

अशीही एक गोष्ट आहे, जी तुमच्या कोपऱ्यातल्या कुत्रीशी थेट जोडलेली आहे. पिंजऱ्यात तेच निरोगी कुत्रं राहणार असेल, तर रोज सगळं घासून रसायनाने धुण्याची गरज नसते. शी-शू उचलायची, तेवढी जागा पुसायची, भांडी बदलायची आणि मळलेलं नसेल तर पांघरूण तसंच ठेवायचं. त्याच्या अंगाचा वास असलेली जागा घाबरलेल्या कुत्र्याला आधार देते. रोज सकाळी कुणीतरी आत घुसून पाण्याचा फवारा मारणं आणि सगळी ओळखीची खूण पुसून टाकणं हे त्याच्यासाठी रोजचं घर बदलणं आहे. पूर्ण धुलाई पिंजऱ्यात नवं कुत्रं येताना. शेल्टरच्या व्यवस्थापकांशी हे बोलून पाहा. बरेच जण सवयीने रोज सगळं धुतात.

पट्टा का निघाला, ते सांगतो. घाबरलेलं कुत्रं पुढे पळत नाही, मागे सरकतं, आणि आपण त्याच्या समोर उभे राहून पट्टा ओढतो. मग ओढ सरळ कानांच्या दिशेने लागते. बऱ्याच कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, पट्टा घसरून कानांवरून निघतो. तुमच्या हातून चूक झाली ती ओढण्याची. तो मागे जाऊ लागला की हात सैल सोडून त्याच्याच दिशेने एक पाऊल टाका, बाजूला वळा, खाली बसा. ताण गेला की घसरण थांबते.

साध्या पट्ट्यात दोन बोटं जेमतेम शिरतील एवढीच ढील हवी, आणि तो मानेच्या वरच्या टोकाला, कानांमागे बसायला हवा. नवख्या किंवा भित्र्या कुत्र्याला साध्या पट्ट्यावर नेऊच नये. ओढ लागली की मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा हार्नेस घाला आणि त्याच्या जोडीला सरकफासाची दोरी, म्हणजे एक निघालं तर दुसरं हातात राहतं. सरकफास घालताना एक बारकावा आहे. कुत्रं तुमच्या डावीकडे असताना तुमच्या हाताकडे येणारी दोरी त्याच्या मानेच्या वरून कडीत यायला हवी. तशी असली की ढील देताच कडी आपल्या वजनाने खाली येते आणि फास सुटतो. उलटी घातली तर ढील दिली तरी फास घट्टच राहतो, कुत्रं गुदमरून आणखी धडपडतं. दोरीवर रबरी खिट्टी असेल तर ती कानांमागे सरकवून ठेवा.

पिंजऱ्याचं दार उघडायचं ते हातभर, फटीत गुडघा आडवा. फास आधीच मोठा करून फटीतून पुढे धरा. बहुतेक कुत्री डोकं स्वतःच त्यात घालतात कारण त्यांना बाहेर यायचंच असतं. लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, सहा फुटांची पुरे, बटण दाबून लांब होणारी दोरी शेल्टरमध्ये नकोच. मनगटाभोवती गुंडाळू नका. लीशच्या टोकाचा फेर अंगठ्यात अडकवून वर मूठ मिटायची, दुसरा हात मधे. दोन दारं असतील तर एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे तुम्ही अनुभवाने शिकलातच. वळणांवर ‘कुत्रं येतंय’ अशी हाक द्या. समोरून दुसरं आलं तर गळाभेट घडवू नका, चार-पाच मीटर अंतर ठेवून वळसा घ्या. दोन कुत्री जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही. पाणी, पातळ फळी, पांघरूण, जे हाताशी असेल ते.

फिरवणं म्हणजे अंतर कापणं असं समजू नका. २० मिनिटांत शंभर मीटर गेलात आणि कुत्र्याने वाटेतला प्रत्येक खांब हुंगला, तर ती फेरी उत्तम झाली.

आता ती तपकिरी कुत्री. भिंतीकडे तोंड करून बसणं हा तिचा तुमच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मार्ग आहे, आणि शेल्टरमध्ये तिच्याकडे दुसरा मार्ग नाही. तिथे गोंगाट कुत्र्यांच्या भुंकण्याने १०० डेसिबलच्याही वर जातो. (कानात बोळे घालायला तुम्हालाही हरकत नाही.) नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या अंगात पहिले तीन दिवस ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, सगळ्यात जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. काहींचं ते पुढेही उतरत नाही. अशा कुत्र्याला दर तासाला नवा चेहरा, नवा हात दिसतो. तिला तुमच्याकडून हवं आहे ते इतकंच की तुम्ही दर वेळी तेच करावं.

हात पुढे करून खाऊ का देऊ नये? भूक तिला तुमच्याकडे ओढते, भीती मागे ओढते. खाऊ तोंडात पडला की भूक संपते आणि ती स्वतःला तुमच्या हाताच्या अगदी जवळ सापडते. तिथेच दात लागतो. म्हणून खाऊ तिच्या मागच्या बाजूला फेका. ती तुमच्यापासून दूर जाऊन खाते, ताण उतरतो, मग आपणहून वळून पाहते. वाटाण्याएवढे मऊ तुकडे करा. मोठा तुकडा चावायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिला तुमच्याकडे पाठ करावी लागते.

दर भेटीचा कार्यक्रम असा ठेवा. दोन मीटर अंतरावर, तिच्याकडे बाजू करून बसा. डोळ्यांत पाहू नका, तोंड पुढे करू नका, बोलायचंच असेल तर दबक्या आवाजात वर्तमानपत्र वाचा. कंटाळवाणी बातमी चालेल, किंबहुना तीच चांगली. दहा मिनिटांत पाच-सहा तुकडे मागे टाका आणि निघून जा, ती आली नसली तरी. तुम्ही निघून जाता हेच तिच्यासाठी बक्षीस आहे. पिंजऱ्यासमोर अर्धा पडदा सोडता येईल का, आत उलटा खोका ठेवता येईल का, ते विचारा. लपायला जागा असलेलं कुत्रं उलट लवकर बाहेर येतं.

काय पाहायचं? ओठ चाटणं, भूक किंवा झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगाने एकदम थिजणं. थिजली की पुढची पायरी दात असतो. शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा हिशोब विसरा. ताठ, उंच आणि भराभर हलणारी शेपूट धोक्याची असते. गुरगुरली तर तिला कुणालाही रागवू देऊ नका. गुरगुरणं बंद पाडलं की भीती जात नाही, फक्त सूचना जाते. सुधारणेच्या खुणा मात्र अगदी छोट्या असतात: तुमच्या देखत खाणं, मागच्या भिंतीऐवजी मधे बसणं, पापण्या सैल, शेपूट कंबरेच्या पातळीला. दोन आठवडे लागतील, दोन महिनेही लागतील.

ती स्वतःहून अंगाला टेकू लागली, आणि शेल्टरने परवानगी दिली, तेव्हाच हात. डोक्यावरून नाही, छातीला किंवा मानेच्या बाजूला. तीन सेकंद खाजवा आणि हात उचला. ती पुन्हा जवळ सरकली तर पुढे. जागीच राहिली, तोंड फिरवलं किंवा अंग झटकलं तर तिचं उत्तर ‘नको’.

घरच्या कुत्र्याबद्दल फार घाबरू नका. लशी वेळच्या वेळी झालेल्या मोठ्या कुत्र्याला पार्व्हो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक गंभीर विषाणूजन्य आजार) होण्याची शक्यता कमी असते. तरी शेल्टरचे कपडे आणि बूट वेगळे ठेवा, बूट घराबाहेर काढा, त्याला भेटण्याआधी हात-कोपर साबणाने धुवा. खोकला तेवढा वेगळा: शेल्टरचा खोकला लसवंत कुत्र्यालाही होऊ शकतो, म्हणून विलगीकरणात गेलात त्या दिवशी अंघोळ आधी. घरात १६ आठवड्यांच्या आतलं, लशी अपुऱ्या असलेलं पिल्लू आलं, तर तो काळ शेल्टरमध्ये जाऊच नका. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस, कातडीतून खरूज आणि गजकर्ण माणसालाही होतं. हातमोजे आणि बंद बूट तुमच्यासाठी आहेत. लोंबणारे कानातले आणि गळ्यातल्या दोऱ्या घरी ठेवा.

तुमचा उपयोग आहे का, असं विचारलंत. आठवड्यातून ठरलेले दोन तास, तोच वार, तीच वेळ, वर्षभर, हे एका रविवारच्या आठ तासांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. आणि तुम्ही लिहू शकता, हे पत्रावरून दिसतं. ते कौशल्य शेल्टरमध्ये दुर्मीळ आहे. ‘रागीट आहे’ अशी नोंद कुणाच्या कामाची नसते. ‘बादली वाजली तेव्हा मागच्या भिंतीला चिकटली, पाच मिनिटं कान मागे, नंतर दोन तुकडे खाल्ले’ ही नोंद पशुवैद्य आणि दत्तक घेणारं कुटुंब दोघांनाही कामाची. शीचा आकार, खाल्लं की नाही, लंगडणं, खोकला, सगळं तारखेसह. पिल्लाला उलटी आणि रक्ताची हगवण, पोट फुगून कोरडे ओकारे, फिकट हिरड्या, शू न होता ताण देणं: या चारपैकी काही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि धावत जाऊन सांगा.

तिला घरी न्यावंसं वाटणार, तेव्हा हेही माहीत असू द्या: शेल्टरच्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या घरी ठेवलं की त्यांच्या अंगातलं कॉर्टिसॉल उतरतं आणि परत आणल्यावर आधीच्या पातळीवर येतं, त्याहून वर जात नाही, असं एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ‘परत सोडताना आणखी दुखावेल’ ही भीती सगळ्यांच्या बाबतीत खरी ठरत नाही. पण जाळीतून हात येताच तोंड मारणाऱ्या कुत्रीला तुमच्या घरच्या कुत्र्याजवळ नेण्याची ही वेळ नव्हे. तुमच्याऐवजी घरात दुसरं कुत्रं नसलेला कुणी तात्पुरता पालक शेल्टरला सुचवता येईल का, ते पाहा.

येत्या रविवारी बिस्किटांचा पुडा मात्र नेऊ नका. तिला पोटाचं पथ्य असू शकतं, आणि फार उपाशी राहून आलेल्या कुत्र्याला भलतंच, भरपूर काही दिलं तर ते जिवावरही बेतू शकतं. तिच्यासमोर कोणता खाऊ टाकायचा, ते आधी त्यांच्याकडूनच लिहून घ्या.